वाकडी पट्टी

दिव्याच्या अवसेला बायका दिवे घासतात आणि पुरुष गटारी करतात. दोन्ही एकाच दिवशी, एकाच घरात. आमच्या गल्लीत दुपारपासूनच कळायला लागतं. इकडून चिंचेचा आंबूस वास, तिकडून मटणाच्या वाटणाचा. उद्यापासून श्रावण, म्हणून आज सगळं खाऊन-पिऊन घ्यायचं. ह्या सालीपण मी दारात पाट टाकून बसले. दोन समया, एक निरांजन, आणि सासूचा लामणदिवा, त्याची साखळी कधीच तुटलीय. चिंच लावायची, राख लावायची, घासत राहायचं. गुडघे आता मांडी घालू देत नाहीत, म्हणून एक पाय लांब सोडून बसते. येणारा-जाणारा वळसा घालून जातो आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलतो. बोलू दे.

समोरच्या दारात सुनंदा कणकेचे दिवे वळत होती. तिचा नवरा दत्ता खराडीला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला आहे. माणूस चांगला. माझं सिलिंडर तोच उचलून आत ठेवतो. पण रोज पितो. सकाळी ड्युटीला निघताना पण त्याला थोडी लागते, हे मला ठाऊक होतं, सुनंदाला ठाऊक होतं, कंपनीच्या साहेबाला बहुतेक नव्हतं.

"काकू, ह्या श्रावणात चमत्कार बघा," ती म्हणली. "हे म्हणतायत, महिनाभर शिवणार नाही. मी देवापुढं शपथ घ्यायला लावली. पिंकीच्या डोक्यावर हात ठेवून."

"एकदम बंद?"

"एकदम. आज काय ती गटारी. उद्यापासून थेंब नाही."

कणीक मळता मळता तिचं तोंड उजळलं होतं. तिला तसं मी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. मी म्हणलं, "बरं." एवढंच म्हणलं. बोलायला पाहिजे होतं, नाही बोलले. खाली बघून परत दिवा घासायला लागले. जो आधीच लख्ख झाला होता, तोच.

माझ्या खोलीत शिरलं की डाव्या भिंतीवर एक चॉकलेटी पट्टी दिसते. वर चुना, खाली शेवाळी ऑईलपेंट, आणि दोन्हींच्या मधे ही पट्टी, दोन बोटं रुंद. दारापाशी सरळ आहे. पुढं कपाटाच्या मागून निघते ती खाली उतरते, परत वर चढते, आणि खिडकीजवळ तर नुसती थरथरलीय. बादलीच्या पाण्यात सुतळी पडल्यावर दिसते ना, तशी.

आमचे मालक रंगारी होते. पेठेतल्या कितीतरी जिन्यांना त्यांच्या हातच्या पट्ट्या आहेत. ब्रश बुडवायचे, श्वास धरायचे, आणि एका दमात जिन्याच्या वळणापर्यंत. सूत नाही, टेप नाही, काही नाही. बघणारे बघत राहायचे. फक्त आधी पोटात थोडी जायला लागायची. सकाळी उठल्यावर त्यांच्या कपातला चहा अर्धा बशीत, अर्धा बंडीवर. दुकानात जाऊन आले की तोच हात दगडासारखा. मी म्हणायचे, "दारूनं हात बिघडला तुमचा." ते म्हणायचे, "अगं, दारूनंच तर जागेवर येतो." दोघंही खरंच बोलत होतो. फक्त कळत कुणालाच नव्हतं.

वरचा चुना मी दोन-तीन वर्षांनी मारून घेते. खालचा रंग आणि पट्टी त्यांच्या हातची आहे, तिला कुणाला हात लावू दिला नाही. माझी लेक मंगल हडपसरला असते. ती आली की त्या भिंतीकडं पाठ करून बसते. ह्या साली म्हणली, "आई, गौरी-गणपतीच्या आत खोली रंगवून घेऊ. पिऊन मारलेली ती पट्टी मला बघवत नाही." मी म्हणलं, "बघू." चौदा वर्षं मी तिला काही ना काही "बघू"च म्हणत आलेय.

श्रावणाचं ऊन मला आवडत नाही. लोकांना आवडतं. आता पाऊस, आता ऊन, गवतावर चमकतं, पोरींच्या हाताला मेंदी. माझ्या डोक्यात ते ऊन म्हणजे ओल्या चादरींचं ऊन. मी काम करायचे त्या केंद्राच्या गच्चीवर चादरी वाळत घालायच्या, की सर आली, काढायच्या, की ऊन पडलं, परत घालायच्या. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात आमच्या केंद्रात चादरी पुरायच्या नाहीत. माणसं घामानं गादीपर्यंत भिजायची.

व्यसनमुक्ती केंद्रात मी अकरा वर्षं काम केलं. मंगलचं लग्न झालं, नातू झाला, आणि लोकांच्या घरची भांडी घासून साबणानं माझ्या हाताला अशा भेगा पडल्या की मीठ लागलं तरी जीव जायचा. ओळखीच्या एका बाईनं तिथं लावून दिलं. कागदावर काहीतरी लांबलचक नाव होतं त्या कामाचं, पण सगळे म्हणायचे मावशी. मावशी, पाणी. मावशी, उलटी झाली. मावशी, माझ्या बायकोला फोन लावा ना. स्वारगेटहून बस पकडायची, सातच्या आत वॉर्डात. आल्यावर पहिलं काम, नवीन आलेल्या माणसाचा पट्टा काढून घ्यायचा, नाडी काढून घ्यायची, इलॅस्टिकचा पायजमा द्यायचा. दाढीनंतर लावायचं अत्तरपाणी असेल तर तेही काढून घ्यायचं, कारण लोक ते पितात. हिंजवडीचा एक मोठा साहेब होता, त्यानं माझ्याकडं बघून म्हणलं, "मावशी, मी इंजिनियर आहे." मी म्हणलं, "असू द्या. पायजमा हाच."

त्या पायजम्यात सगळे सारखे दिसायचे. हे मला बरं वाटायचं.

थोरात सिस्टर म्हणून आमच्या मोठ्या सिस्टर होत्या. बोलायला तिरकस, कामाला पक्क्या. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, माणसाला दोन्ही हात पुढं करायला सांगायचे, बोटं ताठ, आणि पालथ्या हातांवर वर्तमानपत्राचा कपटा ठेवायचा. नुसत्या डोळ्यांना हाताची थरथर दिसत नाही, कपटा लगेच सांगतो. तो फडफडायला लागला की मला बोलवायचं, म्हणायच्या. दुसरी गोष्ट, तासा-तासाला विचारायचं. नाव काय. आज वार कोणता. आपण कुठं आहोत. "तुम्हाला वाटेल फालतू प्रश्न आहेत," त्या म्हणल्या. "पण ह्यातलं एक चुकलं तरी धावत यायचं. तुम्हाला स्वतःला वार आठवत नसला तर भिंतीवर कॅलेंडर लावलंय."

मी कामाला लागले ती मे महिन्यात. श्रावण यायला वेळ होता. तेवढ्यात सगळं शिकून घेतलं, पण ते शिकलेलं माझ्या घरापर्यंत येऊन पोचलं नव्हतं.

मंगल तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. त्या साली श्रावण शुक्रवारी लागला. मी भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवला होता, पोरीबाळींच्या आयुष्यासाठी पुजतात तो. त्या कागदापुढं मालकांना बसवलं, मंगलला मधे उभी केली आणि तिच्या डोक्यावर त्यांचा हात ठेवला. म्हणलं, "म्हणा. महिनाभर थेंब घेणार नाही." ते मंगलकडं बघून हसले. म्हणले, "घेणार नाही. माझ्या मंगीची आण." मंगलला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटलं. तिनं शाळेत सगळ्यांना सांगितलं.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी उलट्या. पाणीसुद्धा टिकेना. तरी दुपारी उठले, माळ्यावरून डबे काढले. मी विचारलं, "हे काय आता?" म्हणले, "हात गुंतलेला बरा." भिंतीचा खालचा रंग त्यांनी उन्हाळ्यातच मारून ठेवला होता, पट्टी तेवढी राहिली होती. दारापासून सुरुवात केली. दारापाशी होती सरळ. मग हात ऐकेना. घाम असा, की ब्रश निसटायचा. खिडकीपाशी आले आणि मागं होऊन बघितलं. म्हणले, "बघ गं, माझ्या पट्टीला हुडहुडी भरली." मी हसले नाही. मला वाटलं, सवय सोडवत नाही, म्हणून सोंग करतात.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, चादरीवरून काहीतरी वेचत बसले होते. मुंग्या म्हणले. मुंगी एक पण नव्हती. संध्याकाळी मला हाक मारली, "अंजने, थोडीशी आण. औषध म्हणून आण. एक घोट. मग परत मागणार नाही." आणि मला हात जोडले. नवऱ्यानं हात जोडलेले मी त्या एकदाच बघितले. मी म्हणलं, "पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होता ना? मग गप पडा."

सोमवारी मला चार घरची भांडी होती. ते उठून दुकानात जातील म्हणून मी बाहेरून कडी लावली आणि गेले. शपथ राखायची म्हणून लावली. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि ते खोटं पण नव्हतं.

श्रावणी सोमवार. शाळा अर्धी. माझ्या ते ध्यानातच आलं नाही. मंगल माझ्या आधी घरी आली. आत बाबा कुणाशी तरी बोलत होते. टाचा उंच करून तिनं कडी काढली. त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, "कोण गं तू? कुणाची?" हे मंगलनं मला एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा कधी तोंडातून काढलं नाही. मग ते पडले, दातखीळ बसली, सगळं अंग ताणलं. मी आले तेव्हा दारात माणसं जमली होती. एका घरच्या बाईंनी बेलाची पानं दिली होती, ती माझ्या पदराला बांधलेली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. तिथं एक कागद दिला. इंग्रजीत होता. मी दुसरी शिकलेली. मी कुणाला वाचायला सांगितलं नाही, कुणी आपणहून वाचला नाही.

खोलीत रंग पातळ करायच्या टर्पेंटाईनची बाटली उघडी होती. तेवढं पुरलं. सासू म्हणली, शेजारी म्हणले, सगळे म्हणले, हा टर्पेंटाईन प्यायला. दारू मिळाली नाही तर ते प्यायला. पोरीची शपथ मोडली आणि देवानं बघितलं. मंगल कोपऱ्यात बसून ऐकत होती. बाटलीशेजारी डबीत ब्रश बुडवून ठेवलेला होता, धुवायला. तो मी बघितला होता. बघितला आणि तिथून नजर काढली. कारण त्यांनी शपथ मोडली असं धरलं की मला रडता येत होतं, मंगलला रागावता येत होतं, जगायला सोपं जात होतं.

मंगल तशीच मोठी झाली. बापाला माझ्या जिवापेक्षा घोट प्यारा होता, असं मनात धरून. लग्नात तिच्या सासऱ्यांनी विचारलं, वडील कशानं गेले? ती म्हणली, "दारूनं." मी शेजारीच उभी होते.

तर केंद्रातला माझा पहिला श्रावण. हिंजवडीकडच्या गावचा एक माणूस आणला, सोपान नावाचा. जमीन कंपनीत गेलेली, गळ्यात साखळी, अंगावर रेशमी सदरा, आणि त्या सदऱ्याची बटणं तो एकेक करून वेचत होता, जशा काय मुंग्याच. बरोबर त्याची आई, नऊवारीतली. ती सिस्टरला म्हणत होती, "शपत घातली व्हती म्या. चार दीस झालं, थेंब न्हाई घेतला लेकरानं. आन् आता ह्ये असं. कुणीतरी बाहेरचं केलंय बाई. न्हाईतर देवच कोपलाय."

थोरात सिस्टरनी सोपानचे हात पुढं केले, कपटा ठेवला. तो ठेवता ठेवताच उडाला. "नाव काय?" सांगितलं. "आज वार कोणता?" तो म्हणला, "लगीन हाय." "आपण कुठं आहोत?" तो माझ्याकडं बघून म्हणला, "ही कोन? कुनाची?"

माझ्या हातात बादली होती. खाली नाही ठेवली. ठेवली असती तर मीही खाली बसले असते.

"आजी," सिस्टर म्हणल्या, "देव नाही कोपला. देवाला एवढा वेळ नसतो. बरीच वर्षं रोज पिणाऱ्या माणसानं एकदम बंद केली की शरीर उलटतं. हात कापतात, भास होतात, झटके येतात. जीवसुद्धा जातो. सोडायचीच असते, पण औषधं देऊन, डॉक्टरच्या नजरेखाली."

म्हातारीनं पदरानं सोपानच्या कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणली, "म्हंजी म्या त्याला द्याया पायजे व्हती?"

"नाही. इथं आणायला पाहिजे होतं. आणलंत. आता बसा."

त्या दोन वाक्यांत माझा सगळा सोमवार होता. म्हातारीनं विचारलं ते मी मनात विचारलं आणि सिस्टर बोलल्या ते मला लागू नव्हतं, कारण मी आणलं नव्हतं. मी कडी लावली होती. मी फरशी पुसायला घेतली. अख्खा वॉर्ड पुसला, कोरडा होता तो पण. सिस्टर म्हणल्या, "मावशी, फरशीला पण डिस्चार्ज द्या आता." मी हसले बहुतेक.

सोपानला सलाईन लागलं, इंजेक्शनं झाली. पाच दिवस मी त्याच्या उशाशी होते. माझी ड्युटी नसली तरी. घाम पुसायचा, लिंबूपाणी चमच्यानं, आणि तासा-तासाला तेच तीन प्रश्न. सहाव्या दिवशी सकाळी त्यानं डोळे उघडले आणि उलट मलाच विचारलं, "मावशे, आज वार कोंचा?" मी म्हणलं, "सोमवार." आणि चादरी घेऊन गच्चीवर गेले. ऊन होतं. मग पाऊस आला, मी चादरी काढल्याच नाहीत. सगळ्या भिजल्या.

त्या संध्याकाळी मी मंगलला सांगणार होते. फोन लावला. ती म्हणली, "बोल आई, जेवलीस का?" मी म्हणलं, "जेवले." तेव्हापासून चौदा वर्षं. केंद्रात किती बायकांना मी समजावलं त्याची गणती नाही, घरात कोंडू नका, इकडं आणा. तोंड दुखेपर्यंत सांगितलं. पण हे मला कसं ठाऊक, ते एकीला नाही सांगितलं. आणि ज्या एका माणसाला सांगायला पाहिजे होतं, तिला जेवलीस का, एवढंच विचारत राहिले. सांगितलं तर बाप तिला परत मिळाला असता. आणि आई गेली असती. असं मी धरून होते.

ह्या साली गटारी मंगळवारी झाली. बुधवारी दत्ता नळावर दिसला. पातेलं भरत होता आणि पातेलं नळावर ताशासारखं वाजत होतं. माझ्याकडं बघून म्हणला, "काकू, पाळली तरी हाल, नाही पाळली तरी हाल. पुढच्या जन्मी नवरा होऊ नये माणसानं." मी म्हणलं, "दत्ता, डॉक्टरकडं जाऊन ये." म्हणला, "कशाला? ते म्हणतील दारू सोडा. सोडली की." गुरुवारी मी सुनंदाला परत म्हणलं. ती जरा चिडूनच बोलली, "काकू, तीन वर्षांत पहिल्यांदा माणूस दोन दिवस कोरडा राहिलाय. जरा थरथरणारच. तुम्ही केंद्रात होता म्हणून तुम्हाला सगळीकडं पेशंट दिसतात." मी घरी आले. जास्त बोलता आलं असतं. मग तिनं विचारलं असतं, तुम्हाला एवढं कशाचं? म्हणून आले.

शुक्रवारी जिवतीची पूजा. मी विधवा, हळदीकुंकवाला मला कुणी बोलवत नाही, पण सुनंदा दरवर्षी फुटाण्याचा पुडा तेवढा आणून देते. दुपारी आली. पुडा हातात दिला आणि गेली नाही. उंबऱ्यापाशीच घुटमळत राहिली.

"काकू, कालपासून झोपले नाहीत. काहीतरीच बोलतायत. माझ्या सासूला फोन केला. त्या म्हणल्या, दुकानात पळेल, कडी लाव बाहेरून."

मी उठले. गुडघ्याचं काही ध्यानात नाही. तिच्या खोलीत गेले तर दत्ता कॉटवर बसलेला, शर्ट भिजून अंगाला चिकटलेला. मला बघून म्हणला, "या काकू. तुमच्या दारात एवढी माणसं कशाला जमलीत?" मी मागं वळून बघितलं. दारात कुणीच नव्हतं. तरी मी बघितलं.

"दत्ता, हात पुढं कर."

मी पुडा तिथंच कॉटवर रिकामा केला, फुटाणे घरंगळले, आणि त्या कागदाचा तुकडा फाडून त्याच्या हातांवर ठेवला. त्याचा आवाज आला. खिडकीत अडकलेला पतंग करतो तसा.

"आज वार कोणता?"

"सोमवार," दत्ता म्हणला. समोर भिंतीवर जिवतीचा कागद होता, हळदीकुंकू ओलं होतं.

"सुनंदा, रिक्षा बोलव. सरकारी दवाखान्यात. आत्ता."

"काकू, तिथं कायतरी औषध पाजतील, इंजेक्शन देतील. शपथ मोडेल ना. पिंकीच्या डोक्यावर—" तिचा हात दाराच्या कडीवर होता. ती कडी लावणार होती की नुसती धरून उभी होती, ते मला अजून सांगता येत नाही.

मी म्हणलं, "मी लावली होती."

"काय?"

"कडी. मंगलच्या बापाला. अशीच शपथ घातली होती, मंगलच्या डोक्यावर. हात असेच कापत होते, मला हात जोडून म्हणले, औषध म्हणून दे. मी कडी लावून भांडी घासायला गेले. ते प्यायले नव्हते, सुनंदा. टर्पेंटाईन पण नाही प्यायले. शपथ पाळली आणि त्यात गेले. मला चौदा वर्षं ठाऊक आहे."

खोलीत दत्ताचा तो कागद तेवढा वाजत होता. सुनंदानं कडी सोडली आणि चपला न घालता रिक्षा बघायला पळाली.

दवाखान्यात स्ट्रेचरवर घेतल्या घेतल्या दत्ताला झटका आला. सुनंदा किंचाळली. मी त्याला कुशीवर वळवलं, डोकं धरलं, तोंडात कुणी काही कोंबणार नाही ते बघितलं. हात आपोआप करत होते, हातांना सगळं ठाऊक होतं. डॉक्टरणबाई मंगलपेक्षा कितीतरी लहान होती. "किती दिवस झाले बंद करून?" मी म्हणलं, "तिसरा." ती सुई भरता भरता म्हणली, "वेळेत आणलंत."

बाहेर बाकड्यावर येऊन बसले. सुनंदा आत होती. वेळेत आणलंत, हे दोन शब्द मी किती वर्षं दुसऱ्या बायकांना ऐकवत होते. मला कुणी ऐकवले नव्हते. मी मंगलला फोन लावला.

"मंगल, तुझ्या बापानं शपथ मोडली नव्हती."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.

"काय म्हणतेस?"

"टर्पेंटाईन ब्रश धुवायला उघडलं होतं. ब्रश शेजारीच होता, मी बघितला होता. त्यांनी एकदम सोडली, म्हणून तसं झालं. तुला ओळखलं नाही ते पण त्यानंच. केंद्रात कळलं मला. आणि कडी मी लावली होती."

"कधी कळलं?"

"तिथं गेले त्याच वर्षी."

तिसरी शिट्टी झाली. मंगल म्हणली, "ठेवते," आणि ठेवला.

दत्ता वाचला. आठ दिवसांनी घरी आला, गालफडं बसलेली, माझ्याशी बोलताना खाली बघतो. औषधं चालू आहेत, आठवड्याला जायला लागतं. उद्या परत पिणार नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. अकरा वर्षं मी तिथं होते. एकाच माणसाला चार-चार वेळा इलॅस्टिकचा पायजमा दिलाय. सुनंदानं जिवतीचा कागद यंदा काढला नाही, अजून भिंतीवर आहे.

मंगलचा फोन आला नाही. मी केला नाही. मग एका रविवारी ती एकदम दारात उभी, बरोबर रंगारी. मला वाटलं नव्हतं ती येईल. आत आली, चपला काढल्या, माझ्याकडं न बघता त्या भिंतीकडं गेली. पहिल्यांदा तोंड करून. दारापासून तिनं पट्टीवर बोट ठेवलं आणि चालत गेली, कपाट सरकवून त्याच्या मागून, खिडकीपर्यंत. खिडकीपाशी बोट पण खालीवर झालं.

"ही कोणत्या दिवशीची?" तिनं विचारलं. भिंतीलाच विचारल्यासारखं.

"दुसऱ्या," मी म्हणलं.

रंगारी म्हणला, "आजी, ही पहिली खरवडून काढू. सूत मारून सरळ करून देतो."

"वरचं करा, खालचं करा," मंगल म्हणली. "पट्टीला हात लावायचा नाही."

"ताई, नव्या रंगात फार वाकडी दिसेल."

"दिसू दे."

मी चहा टाकला. तिनं घेतला नाही. अजून माझ्याशी नीट बोलत नाही, बोलेल तेव्हा बोलेल, माझी काही मागणी नाही. रंगाऱ्यानं पट्टीला जपायचं म्हणून तिच्यावर कागदी टेप लावायला घेतली. सरळ टेप त्या वळणांवर बसेना. मग तो बोट-बोट लांबीचे तुकडे करून चिकटवायला लागला, एकापुढं एक, जशी पट्टी जाईल तसे. खिडकीपाशी आल्यावर तर नखाएवढे. मंगल स्टुलावर बसून त्याला एकेक तुकडा फाडून देत होती.